फोर बाय फोरचा लिव्हर अडकतोय, सुटतोय की नुसताच हलतोय?

माझ्या पिकअपचा फोर व्हीलचा लिव्हर पहिल्यांदा अडकला तेव्हा मला सल्ला मिळाला की दोन्ही हातांनी धरून ओढ, नाहीच आला तर पायाने हाण. मी तो पाळला पण. आधी नॉब हातात आला, मग लाथेने लिव्हर आला, आणि मला वाटलं झालं काम. त्या लाथेचा हिशोब पुढे येतोच. ही तक्रार एकदा येऊन जाणारी नाही, परत परत येते, आणि दर वेळी माणूस वेगळ्याच ठिकाणी हात घालतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे सगळं हाताने टाकायच्या लिव्हरबद्दल आहे, म्हणजे मेन गिअरच्या बाजूला तो दुसरा छोटा दांडा असतो ना, २ एच (नुसती मागची चाकं), ४ एच (चारही चाकं, नेहमीचा वेग), एन (न्यूट्रल), ४ एल (चारही चाकं, कमी वेग-जास्त ताकद) लिहिलेला, तो. बटण दाबून किंवा गोल नॉब फिरवून जिथे मोटर काम करते त्या गाड्यांचं दुखणं वेगळं, तिथे वायरिंग आलं, सेन्सर आले, ते इथे नको. आणि पार्ट-टाइम फोर बाय फोर धरून बोलतोय, ज्यात पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. माझं मत विचाराल तर हा दांडा बटणापेक्षा बराच बरा, कारण बिघडला तर निदान हाताला कळतं की काय बिघडलंय. सुझुकीने पण २०१८ च्या जिम्नीत बटणं काढून परत दांडाच दिला, त्याआधीच्या जिम्नीत मध्ये काही वर्षं बटणं होती.

तर पहिलं काम म्हणजे तक्रार नीट सांगता आली पाहिजे. "फोर व्हील बिघडलंय" असं म्हणून गाडी गॅरेजला दिली की ते सरळ ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागचा डबा, जो ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटतो) उघडतात, आणि केस उघडणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे. नेमकं काय होतंय ते बघा. ४ एच मधून २ एच ला येत नाहीये? की ४ एल पडतच नाही, करकर वाजतंय? की पडतो पण चढावर आपोआप सुटतो? की लिव्हर मस्त लोण्यासारखा जातोय पण पुढची चाकं ओढतच नाहीत? ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि त्यातली निदान दोन तरी बिघाड नाहीतच.

४ एच मधून बाहेर येत नाही, हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं, आणि इथे बहुतेक वेळा गाडी ठणठणीत असते. पार्ट-टाइम गाडीत ४ एच टाकलं की पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (केसमधून एक्सलकडे ताकद नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट बांधले जातात, दोघांनी सारखेच फेरे मारायचे. पण वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात आणि मागची आतून. हिशोब करून बघा, व्हीलबेस ३ मीटर आणि मागचा एक्सल ६ मीटर त्रिज्येने वळतोय असं धरलं तर पुढचा एक्सल साधारण ६.७ मीटरने वळतो. नुसतं एक काटकोनातलं वळण घेतलं तरी मागचा एक्सल ९.४ मीटर चालला आणि पुढचा १०.५ मीटर, म्हणजे १.१ मीटरचा फरक. टायरचा घेर २.३ मीटर धरला तर जवळपास अर्धा फेरा, आणि एक्सलमध्ये ४ ला १ रेशो असेल तर शाफ्टचे जवळजवळ दोन फेरे! हे दोन फेरे जाणार कुठे? चिखलात, वाळूत टायर थोडासा घसरतो आणि फरक तिथेच जिरतो, कळत पण नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही मग शाफ्ट, जॉइंट, गिअर सगळं पीळ घालून बसतं, आणि तो पीळ केसमधल्या त्या कॉलरच्या (सरकत्या दातेरी कड्याच्या) दातांवर येतो जी तुम्ही लिव्हरने सरकवायला बघताय. दात एकमेकांवर एवढे दाबले गेलेत की ती सरकणार कशी. वर तुम्ही ओढताय, खाली गाडीचं सगळं वजन विरुद्ध बाजूने धरून बसलंय.

म्हणजे ऑफ-रोड संपवून पक्क्या रस्त्याला लागलात, दोन-चार वळणं घेतलीत, मग आठवलं की अरे फोर व्हील काढायचं राहिलं, आणि आता लिव्हर येत नाही. उपाय सोपा आहे. स्टिअरिंग सरळ करा, रिव्हर्स टाका, हळू पाच-सात मीटर मागे या, आणि मागे येतानाच लिव्हरवर २ एच च्या दिशेने दोन बोटांचा हलका दाब ठेवून बसा. पुढे जाताना दात ज्या बाजूला दाबलेले असतात ते मागे येताना सुटायला लागतात, आणि मध्ये एक क्षण असा येतो की कुठल्याच बाजूला जोर नसतो. त्या क्षणी लिव्हर आपोआप तुमच्या हातात येतो, जोर लावावाच लागत नाही. एकदा मागे येऊन झालं नाही तर परत पुढे, परत मागे. वळणावरून आला असाल तर त्याच वळणाने उलट मागे गेलात तर पीळ जास्त लवकर सुटतो. रस्त्याच्या कडेला खडी-माती असेल तर एका बाजूची चाकं तिच्यात घाला आणि थोडं चालवा, टायरला घसरायला जागा मिळाली की मोकळं झालं. पुढचं एक चाक जॅकवर उचलूनही पीळ सुटतो, पण चाक जमिनीवरून सुटताना झटका मारून गर्रकन फिरू शकतं, तेव्हा हात-तोंड लांब ठेवा, आणि खरं सांगायचं तर तिथपर्यंत जायची वेळ येतच नाही.

हे सारखं सारखं होत असेल, अगदी सरळ रस्त्यावर थोडंसं चाललं तरी, तर टायर बघा. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, किंवा उलटं, किंवा एक स्टेपनी वेगळ्या साइजची लावलेली. नवीन आणि झिजलेल्या टायरच्या त्रिज्येत ६ मिलिमीटरचा फरक असेल आणि त्रिज्या ३६५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ढोबळ हिशोबात दर किलोमीटरला १६ मीटरचा फरक पडतो, म्हणजे वळण न घेता सुद्धा पीळ चढत जातो. चारही टायर एका मापाचे, एका झिजेचे, हवा मॅन्युअलमध्ये दिलीये तेवढी. केस उघडायच्या आधी एवढं तरी बघायला काय जातंय.

आता ४ एल पडत नाही किंवा टाकताना करकर होते. इथे लोक २ एच ते ४ एच आणि ४ एच ते ४ एल हे दोन्ही एकच समजतात. २ एच ते ४ एच बऱ्याच गाड्यांत चालत्या गाडीत टाकता येतं, सरळ रस्त्यावर, ताशी ८०-१०० किमीच्या आत, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असतो, फक्त मागची चाकं जागेवर फिरत असताना टाकायचं नाही. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब (चाक एक्सलला जोडणारे-सोडणारे) असतील तर ते आधी उतरून लॉक. पण ४ एल ला सहसा सिंक्रो (गिअरचे वेग जुळवणारी सोय) नसतो, सरळ दातात दात बसवायचे असतात. काही मॅन्युअल म्हणतात गाडी पूर्ण थांबवा, काही म्हणतात ताशी ३ ते ५ किमीने रांगत असताना टाका. तुमच्या गाडीचं जे असेल ते, पण कॉमन गोष्ट एकच, मेन गिअर न्यूट्रलमध्ये आणि मॅन्युअल गाडी असेल तर क्लच तळापर्यंत. ऑटोमॅटिकवाल्यांनी मेन लिव्हर एन मध्ये, पी मध्ये ठेवून ओढत बसू नका.

पूर्ण थांबलेल्या गाडीत कधी कधी दात दाताच्या बरोबर समोर येऊन अडतात, लिव्हर अर्ध्यावर लागतो आणि पुढे जात नाही, जसं कुलूपात किल्ली एका दाताने अडते तसं. अशा वेळी जोर नाही लावायचा. फूट ब्रेक धरून ठेवा, लिव्हर एन मध्ये, मेन गिअर पहिला, क्लच किंचित सोडून लगेच दाबा, आतला शाफ्ट थोडासा फिरतो, मेन गिअर परत न्यूट्रल, क्षणभर थांबा आणि मग ४ एल. किंवा ४ एच वरच गाडी एक हात पुढे सरकवून परत प्रयत्न. टाकताना एका दमात टाका, एन वर रेंगाळू नका, पण हाणू पण नका, यातला फरक दोन-चार वेळा केलं की हाताला कळतो.

करकर होत असेल तर आतला शाफ्ट अजून फिरतोय असं समजा. मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा क्लच पूर्ण सुटत नसतो, हायड्रॉलिकमध्ये हवा असेल, किंवा ऑइल कमी झालं असेल. खात्री करायची असेल तर क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाकून बघा, रिव्हर्सला पण करकर होत असेल तर दोष क्लचचा, फोर व्हीलला उगाच शिव्या नका देऊ. ऑटोमॅटिकमध्ये न्यूट्रलला पण आतून थोडी ओढ असतेच, तिथे फारच त्रास असेल तर इंजिन बंद करून, चावी ऑन ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून टाकून बघा.

आणि हे एन चं प्रकरण मी मुद्दाम वेगळं सांगतोय. ट्रान्सफर केस एन मध्ये असली की इंजिन-गिअरबॉक्सचा चाकांशी संबंध संपतो. मेन गिअर पहिल्यात असू दे नाहीतर ऑटोमॅटिकचा पी असू दे, गाडी धरून ठेवणारं काहीच नाही, फक्त ब्रेक. चढावर ४ एल टाकायला जाल आणि तो एन मध्ये अडकेल तर गाडी सुटते. म्हणून ४ एल चढ सुरू व्हायच्या आधी सपाटीवर टाकायचं, अर्ध्या चढावर नाही. आणि गाडीखाली जाणार असाल तर हँडब्रेक प्लस मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक अडवायचे ठोकळे), मग बाकी सगळं.

आता माझं स्वतःचं दुखणं. चढावर, ४ एल, पहिला गिअर, जरा ॲक्सिलरेटर दिला की टक् आवाज येऊन लिव्हर आपोआप एन मध्ये. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी मागे यायला लागली. काय वाटतं त्या वेळी ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. सपाटीवर कितीही फिरवा, काही नाही, एकदम गुणी बाळ. गॅरेजला दाखवलं, त्यांनी टेस्ट ड्राइव्ह घेतली सपाट रस्त्यावर, अर्थातच सुटला नाही, तरी केस उघडली, शिफ्ट फोर्क (ती कॉलर सरकवणारा काटा) झिजलाय म्हणाले, बदलला. दोन-अडीच महिने छान. मग परत टक्. परत केस उघडली, या वेळी डिटेंटची (प्रत्येक पोझिशन जागेवर धरून ठेवणाऱ्या खाचेची) स्प्रिंग आणि बॉल नवीन, परत दोन महिने बरं, परत टक्. तिसऱ्या वेळी मी गाडी दिलीच नाही.

तिसऱ्या वेळी जे केलं ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. आतला लिव्हर आणि केस यांच्यामध्ये एक रॉड असतो, काही गाड्यांत दोन रॉड आणि मध्ये एक बेलक्रँक (ओढीची दिशा बदलणारा कोनी तुकडा), त्याला दोन्ही टोकांना प्लास्टिकचे किंवा नायलॉनचे बुश. काही गाड्यांत लिव्हर थेट केसवरच बसवलेला असतो, त्यांना हे रॉडचं झंझट नाही. पण जिथे लिव्हर बॉडीच्या फ्लोअरवर आणि केस गिअरबॉक्सच्या शेपटाला, तिथे दोघांच्या मध्ये हा रॉड म्हणजे सगळ्या भांडणाचं मूळ. गाडी सपाटीवर, इंजिन बंद, ओट लावलेले, खाली जाऊन केसच्या बाजूचं रॉडचं टोक काढा, एक क्लिप किंवा स्प्लिट पिन असते. आता केसला लावलेला छोटा आर्म नुसत्या हाताने किंवा पान्याने फिरवून बघा. प्रत्येक पोझिशनला तो टक्-टक् असा नीट बसायला हवा, जागा चार असतील तर चार टक्के, म्हणजे चार वेळा टक्, हाताला लागले पाहिजेत. ४ एल ला अगदी शेवटपर्यंत जाऊन बसतोय का? बसत असेल तर केस आतून ठीक आहे, दोष बाहेर. आर्मच घट्ट असेल, कुठेतरी अडत असेल, टक्का लागतच नसेल तर दोष आत. दहा मिनिटांचं काम, आणि सगळं दुखणं दोन भागांत चिरलं जातं. दोन वेळा केस उघडणाऱ्यांनी हे केलं नव्हतं, आणि मी पण विचारलं नव्हतं.

माझा आर्म मस्त बसत होता. मग रॉड परत लावला, मित्राला आत बसून ४ एल टाकायला सांगितलं आणि खाली बघितलं तर आर्म शेवटच्या टक्क्याच्या अलीकडेच थांबत होता, बोटभर कमी. वर लिव्हर फ्लोअरच्या कापलेल्या भोकाच्या कडेला टेकलेला, त्याला पुढे जायला जागाच नाही. बुश बघितले तर एकात एवढा प्ले की रॉड हाताने वर-खाली हलत होता. आणि रॉड काढून सपाट फरशीवर ठेवला तर मधोमध बाक, म्हणजे माझ्या त्या लाथेची कमाई. बुश बदलले, रॉड सरळ करून घेतला, ॲडजस्ट केला, आणि तरीही चढावर सुटला. आता बोला.

सुटतो फक्त जोर लागला की, हा मुद्दा मी इतके दिवस नुसता सांगत होतो, त्याचा विचार करत नव्हतो. जोर लागला की बदलतं काय? गिअरबॉक्स हलतो. ४ एल मध्ये टॉर्क (फिरवायचा जोर) दोन ते पावणेतीन पट, काही केसमध्ये चौपट होतो, जुन्या जीपमध्ये खूप वापरलेल्या एनपी२३१ केसचा लो रेशो २.७२ आहे, रॅंग्लर रुबिकॉनच्या केसचा ४. एवढा टॉर्क बाहेर पडताना गिअरबॉक्स आणि केस रबराच्या माऊंटिंगवर उलट्या दिशेला पिळतात. माऊंटिंग चांगलं असेल तर थोडंसं, खचलेलं असेल तर बरंच. लिव्हर बॉडीला पक्का, केस हलतेय, मधला रॉड मग केसच्या आर्मला एन कडे ओढतो. म्हणजे लिव्हर सुटत नव्हता, गाडी स्वतःच रॉड ओढून स्वतःला न्यूट्रल करत होती.

हे बघायला मी मोबाइल खाली क्रॉस मेंबरला (चॅसिसच्या आडव्या पट्टीला) टेपने बांधला, व्हिडिओ चालू करून, आणि वर ब्रेक धरून, ४ एल, पहिला गिअर, क्लच जरासा चावेपर्यंत सोडला, मग रिव्हर्समध्ये तेच. माणसाला खाली बसवून हे अजिबात करू नका, मोबाइल गेला तर दुसरा येईल. व्हिडिओत गिअरबॉक्सचं शेपूट चांगलं दोन बोटं उचललं जात होतं आणि परत आपटत होतं, मागचं माऊंटिंग रबरापासून सुटून नुसतं पत्र्यावर बसलेलं. गंमत म्हणजे दोन्ही वेळा दुरुस्तीनंतर दोन महिने बरं का वाटायचं तेही कळलं. केस परत बसवताना ते लोक खचलेल्या माऊंटिंगवरच रॉड नव्याने ॲडजस्ट करायचे, मग माऊंटिंग अजून खचलं की परत तेच. काढलेला फोर्क मी मागून घेतला होता, आज बघतो तर त्याचे पॅड झिजलेत, पण ते अर्धवट बसलेल्या दातांमुळे झिजलेत, म्हणजे कारण नाही, परिणाम.

क्रम लक्षात ठेवा मग. आधी माऊंटिंग, इंजिनची दोन आणि गिअरबॉक्सचं मागचं, गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने जरासं उचलून बघा, आत लिव्हर किती हलतो ते दुसऱ्याला बघायला सांगा, आणि रबर लोखंडापासून सुटलंय का ते. मग बुश. मग रॉड सरळ आहे का. आणि ॲडजस्टमेंट सगळ्यात शेवटी, कारण ती आधी केली तर वरच्या सगळ्या दोषांना धरून केली जाते. ॲडजस्ट करताना आत लिव्हर ४ एल मध्ये ठेवून, फ्लोअरच्या कडेपासून थोडी फट राहील असं धरून, खाली आर्म ४ एल च्या टोकाच्या टक्क्यात पक्का बसवून मग रॉडचा नट आवळायचा. मग चारही पोझिशन परत तपासायच्या. गाडीला बॉडी लिफ्ट किट (बॉडी चॅसिसपासून वर उचलणारं) लावलं असेल तर हे आधी करा, लिफ्टने लिव्हर वर गेला आणि केस तिथेच, मग ४ एल पुरतं न पडणं ठरलेलंच. रबरी बूट आणि कार्पेट पण बघा, जाड मॅट लिव्हरला टेकून बसलेली असते आणि लोक केस उघडायला निघतात.

लिव्हर मस्त जातोय पण पुढची चाकं ओढत नाहीत, हे लवकर उरकतो. डॅशबोर्डच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत तो केसवरच्या स्विचने लागतो, चाकांपर्यंत ताकद गेली का हे त्याला माहीत नसतं. उलट पण होतं, स्विच खराब आणि दिवा बंद, गाडी मात्र ओढतेय. मागच्या चाकांना ओट, हँडब्रेक, मेन गिअर पहिल्यात, इंजिन बंद, हब असतील तर लॉक, पुढचं एक चाक जॅकने उचलून स्टँडवर घ्या आणि हाताने फिरवा. २ एच मध्ये फिरायला पाहिजे, ४ एच मध्ये अडायला पाहिजे. ४ एच मध्ये पण फिरत असेल आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवरच असेल, तर दोष हबचा किंवा एक्सलचा. व्हॅक्युमवर चालणारे हब किंवा एक्सलचा जोड असेल, ऐंशीच्या दशकातल्या जीप चेरोकीत होता तसा, तर आधी रबरी नळ्या तपासा, वाळून तडकतात आणि इंजिनच्या उष्णतेजवळच्या तर हमखास. चाकाबरोबर शाफ्ट पण फिरत असेल तर मात्र केस जोडतच नाहीये, मग परत वरची रॉडची टेस्ट.

केस आतून खराब असण्याची लक्षणं वेगळी असतात. रॉड काढूनही आर्मला टक्का लागत नाही, तर डिटेंटची स्प्रिंग-बॉल, काही केसमध्ये हे बाहेरूनच एका प्लगखाली असतं, केस न उघडता निघतं. जोर लागला की धाड्-धाड् असे दणके पण लिव्हर जागेवरच, तर केसमधली पुढच्या शाफ्टकडे ताकद नेणारी चेन लांबली आहे, दातांवरून उडी मारतेय. ऑइल काढून बघा, आणि काढायच्या आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का ते बघा, खालचा सोडला आणि वरचा गंजून बसलाय असं झालं तर गाडी तिथेच उभी. बारीक करडी पेस्ट चुंबकाला चालेल, तुकडे किंवा प्लास्टिकचे कण म्हणजे फोर्कचे पॅड गेले. ऑइल कुठलं हे अंदाजाने नाही टाकायचं, कितीतरी चेनवाल्या केसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ एटीएफ असतं, काहींत ७५डब्ल्यू-९० सारखं गिअर ऑइल. एटीएफच्या जागी जाड ऑइल भरलं की थंडीत सकाळी लिव्हर दगडासारखा आणि दुपारी एकदम बरा, असं सकाळ-दुपार वेगळं वागत असेल तर मागच्या सर्व्हिसला काय भरलं ते विचारा.

जाता जाता एक जुनी गोष्ट, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ट्रान्सफर केसचे दोन वेगळे दांडे होते, एक पुढची चाकं जोडायला, एक हाय-लो ला, मेन गिअर धरून एकूण तीन. आणि आत असा अडसर होता की पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडायचाच नाही, नाहीतर वाढलेला सगळा टॉर्क एकट्या मागच्या एक्सलवर यायचा. तेव्हा तुमचा लिव्हर २ एच वरून सरळ लो ला जात नाही हा बिघाड नव्हे, तो तसाच बनवलाय.

आणि ज्यांची गाडी वर्षभर २ एच मध्येच असते त्यांचा लिव्हर गंजून बसतो, पिव्हट, बुश, आर्मचा शाफ्ट, सगळं. तिथे गंज सुटायचं स्प्रे मारून रात्रभर ठेवा, रॉड काढून आर्म आणि लिव्हर वेगवेगळे हलवा, मोकळे झाले की ग्रीस. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये महिन्यातून निदान १६ किमी फोर व्हीलमध्ये चालवा असं दिलंय, ते पुढच्या भागांना ऑइल फिरावं म्हणून, पण लिव्हर पण त्यात हलता राहतो. कच्च्या रस्त्यावर चालवा पण, डांबरावर नाही, नाहीतर पोस्टच्या सुरुवातीला परत या.

माझ्या गाडीला नवीन माऊंटिंग घालून आता आठ महिने झाले, तोच चढ सहा-सात वेळा केला, सुटला नाही. नवीन रबर पहिले काही दिवस बसतं, म्हणून साधारण ५०० किमीनंतर रॉड परत तपासला, अगदी थोडा फरक आला होता तो काढला. पहिल्या गिअरला गिअरबॉक्सचं शेपूट अजून किंचित हलतं, ते हलणारच. फक्त तो नॉब अजून ढिला आहे, आटे गेलेत, टेप गुंडाळून बसवलाय.